दोनशे मीटरच्या खालचं जग

पुण्याचं आकाशवाणी केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, मुंबईचंच दुसरं केंद्र १०४४ वर, आणि नागपूरचा एक हजार किलोवॅटचा महाकाय प्रक्षेपक १५६६ वर. या चारही आकड्यांना नवाने भाग जातो. १९७८ पासून आशिया, आफ्रिका आणि युरोपातली मीडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. अमेरिकेत हेच अंतर दहाचं आहे. उत्तर फिनलंडच्या जंगलात शेकडो मीटर तार पसरून, कडाक्याच्या थंडीत कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला १५७० वर काही पुटपुट ऐकू आली, तर भाषा कळण्याआधीच तो ओळखतो की आवाज अटलांटिकपलीकडचा आहे. १५६६ वर हिंदी गाणं लागलं तर मात्र त्याला थांबावं लागतं. नागपूर म्हणावं, तर नेदरलँड्समधल्या हेग शहरातलं एक हिंदुस्तानी केंद्रही याच आकड्यावर लागत असे. मग तो गाणं संपायची वाट बघतो, निवेदकाच्या तोंडून केंद्राचं नाव येईपर्यंत श्वास रोखून बसतो. नाव आलं की वहीत नोंद, नाही आलं की प्रश्नचिन्ह.

ही अशी माणसं आणि त्यांचे भाऊबंद या पुस्तकाचा विषय आहेत. मराठीत रेडिओवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक कार्यक्रमांविषयी: श्रुतिका, कामगारांसाठीचे कार्यक्रम, बिनाका गीतमाला, सकाळची भक्तिगीतं. तो आठवणींचा रेडिओ झाला. मागचं झाकण उघडून, हातात सोल्डरिंगची सळई घेऊन बसणाऱ्यांचा रेडिओ मराठी पुस्तकांत फारसा आला नाही. परवाना काढून स्वतः बोलणारे, नुसतंच ऐकणारे, ऐकण्यापेक्षा सेट बनवण्यातच रमणारे, आणि परवान्याशिवाय गावाला गाणी ऐकवून तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आलेले, सगळेच त्यात आले.

या छंदाचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेत भरते. हौशी माणसाच्या वाट्याला नेहमी तेच आलं, जे इतरांनी बिनकामाचं म्हणून टाकून दिलं होतं.

१९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडालं आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. घरोघरच्या पोरांनी ठिणगी पाडणारी यंत्रं लावून हवेत गोंगाट मांडलाय, ही नौदलाची तक्रार जुनीच होती. कायद्याने या पोरांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं. लहर जितकी लांब तितका पल्ला मोठा, असं त्या काळच्या जाणकारांचं पक्कं मत. आखूड लहरी चार गावांपलीकडे जाणार नाहीत, पोरं कंटाळून गप्प बसतील, असा हिशेब होता. पोरं गप्प बसली नाहीत. १९१४ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी त्यांची संघटना बांधली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन इथे मैदानात तंबू ठोकून बसले आणि त्यांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या हौशी केंद्राचा मोर्स ऐकला. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लेऑन डेलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांचं सुमारे ११० मीटरवर दुतर्फा बोलणं झालं. पुढच्याच ऑक्टोबरात लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा विद्यार्थी न्यूझीलंडच्या शॅग व्हॅलीतल्या मेंढपाळ फ्रँक बेलशी बोलला. पृथ्वीवर याहून लांब कुणाशी बोलायला जागाच उरत नाही! ज्यांना माळरान दिलं त्यांनी तिथे पाणी काढून दाखवलं, आणि मग सातबाऱ्यावर नाव चढवायला सरकारं आणि कंपन्या धावत आल्या. शॉर्टवेव्हवरचं बीबीसी, रेडिओ मॉस्को, व्हॉइस ऑफ अमेरिका, हे सगळं त्या माळरानावरचं पीक.

आखूड लहरी इतक्या लांब का जातात, याचं उत्तर आपल्या डोक्यावर आहे. सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर तयार होतात. दोन-अडीचशे किलोमीटर उंचीवरचा थर शॉर्टवेव्हला वाकवून परत जमिनीकडे पाठवतो. त्याच्या खाली, साठ ते नव्वद किलोमीटरवर आणखी एक थर असतो, तो दिवसा मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो आणि मीडियम वेव्हलाही वरची वाट मोकळी होते. दुपारी पुण्यात फक्त पुणं ऐकू येतं आणि रात्री त्याच काट्यावर चार देश एकमेकांच्या अंगावर बोलतात, ते यामुळे. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं. डाग वाढले की वरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यांना बहर येतो, कमी झाले की त्या महिनोन्‌महिने मुक्या राहतात. एडवर्ड अ‍ॅपलटन यांना या थरांवरच्या कामासाठी १९४७ चं नोबेल मिळालं. त्याच साली कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. हे सगळं भूगोलाच्या पुस्तकात असतं, पण रात्री काटा फिरवणाऱ्याला ते कानाने कळतं.

दुसरं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं. अवकाशातून रेडिओलहरी येतात हे कार्ल यान्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं होतं. खगोलशास्त्रज्ञांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते ग्रोट रेबर नावाच्या हॅमने, म्हणजे परवाना काढून बोलणाऱ्या हौशी माणसाने. १९३७ साली इलिनॉयमधल्या व्हीटन गावी, स्वतःच्या घराशेजारी, पदरचे पैसे घालून त्यांनी साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभी केली. आधी दोन वरच्या फ्रिक्वेन्सींवर हाती काही लागलं नाही; १६० मेगाहर्ट्झवर आकाशगंगा बोलली. पुढची कित्येक वर्षं जगात हे काम करणारा हा जवळजवळ एकटा माणूस होता. नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या पाहायला आपण शाळेच्या सहली नेतो, तेव्हा मुलांना व्हीटनच्या त्या अंगणाबद्दलही सांगावं. खोडदची दुर्बीण ज्या पट्ट्यांत ऐकते त्यांतला सर्वांत खालचा १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आहे, म्हणजे रेबर यांच्या शेजारचाच.

तिसरं उदाहरण अगदी अलीकडचं. २०१२ च्या सुमाराला काही जणांच्या लक्षात आलं की संगणकावर टीव्ही बघण्यासाठी बनवलेल्या स्वस्त डाँगलमधली चिप, थोडी कळ फिरवली तर, पंचवीस मेगाहर्ट्झपासून पार दीड हजारांपलीकडचं काहीही ऐकू शकते. उरलेलं काम सॉफ्टवेअर करतं. डोक्यावरून जाणारी विमानं आपली जागा आणि उंची १०९० मेगाहर्ट्झवर सांगत असतात, हवामानाचे उपग्रह १३७ वर चित्रं पाठवतात. हे सगळं अंगठ्याएवढ्या तुकड्यात आलं. नवे लोक या छंदात आले ते मुख्यतः या दाराने. जुने त्याला नाकं मुरडतात, पण त्यांच्याही टेबलावर एक असतोच.

नाकं मुरडणं हा या बिरादरीचा जुना धर्म आहे. नुसतं ऐकणाऱ्यांत दूरचं केंद्र पकडणारे, म्हणजे डीएक्सर, स्वतःला वारकऱ्यांतले माळकरी समजतात. त्यांची परीक्षा रिपोर्टात होते. केंद्राला पत्र लिहून आपण ऐकल्याचा पुरावा द्यायचा आणि केंद्राने क्यूएसएल कार्ड पाठवून तो मान्य करायचा, ही जगभरची रीत. ‘आपला कार्यक्रम फार आवडला’ असं लिहिलेला रिपोर्ट तिकडचा इंजिनिअर बाजूला ठेवतो. त्याला हवी असते जागतिक वेळ, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, फ्रिक्वेन्सी, आणि मिनिटागणिक काय ऐकू आलं ते: १६४२ ला पुरुष निवेदक, १६४४ ला बासरी, १६४७ ला शेजारच्या केंद्राचा उपद्रव. शेवटी सिन्पो या गुणपद्धतीचे पाच आकडे: ताकद, उपद्रव, खरखर, लहरींची चढउतार आणि एकूण. पाचही पाच म्हणजे शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं. असे आकडे लिहिणारा बहुतेक वेळा एकतर नवखा असतो किंवा केंद्राच्या गावचा. या मंडळींचं पंचांग म्हणजे १९४७ पासून निघणारं वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक.

बनवणारे वेगळे. त्यांचा पहिला सेट बहुधा क्रिस्टलचा: पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेली एनॅमलची तार, जुन्या रेडिओतून काढलेला गँग, ओए७९ डायोड, कानात घालायचा क्रिस्टल इअरफोन, गच्चीवरून टाकलेली एरियल आणि नळाला जोडलेली अर्थिंग. बॅटरी नाही, वीज नाही. केंद्राने हवेत सोडलेल्या ऊर्जेवरच तो बोलतो. शेजाऱ्यांना हे पटत नाही, आणि आठवीतल्या पोराला एकदा ऐकवलं की त्याला दुसरं काही सुचत नाही. पुढची पायरी म्हणजे पाच वॅटच्या आतला, घरी जुळवलेला प्रक्षेपक घेऊन दुसऱ्या खंडाशी बोलायचं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली ही या पंथाची तीर्थक्षेत्रं. तिथल्या जुन्या दुकानदारांना पार्टचा नंबर सांगायचा नसतो, काय बनवतोयस ते सांगायचं असतं.

बोलणाऱ्यांत मोर्सवाले, आवाजवाले आणि आता संगणकवाले. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत २०१७ मध्ये एफटी८ आणलं. खरखरीत कानाला काहीच ऐकू येत नसताना संगणक त्यातून समोरच्याचं नाव-गाव काढून देतो. मोर्सवाले म्हणतात, यंत्रं आपापसांत बोलतायत, माणसाने चहा प्यावा. मला स्वतःला दोन्ही बाजू पटतात, पण संध्याकाळ घालवायची झाली तर मी मोर्सकडे जाईन.

आपल्याकडची गोष्ट मुंबई आणि कलकत्त्यापासून सुरू होते. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई कचेरीतून टपाल-तार खात्याच्या मदतीने संगीत प्रक्षेपित झालं आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी ते पुण्यात ऐकलं. त्याच साली कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस हे पहिले हॅम काम करू लागले होते. मग क्लब निघाले. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने निघालेल्या मद्रासच्या क्लबने ३१ जुलै १९२४ ला प्रक्षेपण सुरू केलं आणि तीन वर्षांत पैसे संपल्यावर प्रक्षेपक महापालिकेच्या स्वाधीन केला. जुलै १९२७ मध्ये मुंबईत व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं उद्घाटन झालं. ती तीन वर्षांत बुडाली. सरकारने धंदा हाती घेतला आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव दिलं. हौशी क्लबांनी सुरू केलेलं काम दशक-दीड दशकात सरकारी खातं झालं होतं. कुलाब्यातल्या रेडिओ क्लबात आज लग्नाच्या पार्ट्या होतात.

१९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि हौशी परवाने रद्द झाले. पण हात शिकलेले होते. २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईतून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता, बाबूभाई खाखर, चंद्रकांत झवेरी ही तरुण मंडळी आणि यंत्राची बाजू बघणारे नरिमन प्रिंटर जागा बदलत-बदलत १२ नोव्हेंबरच्या धाडीपर्यंत हे केंद्र चालवत राहिले. ते ज्या ४२.३४ मीटरवर बोलत, त्याचं आजच्या भाषेत गणित केलं तर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतं. म्हणजे हॅम मंडळींचा आजचा चाळीस मीटरचा पट्टा. रोज सकाळी ‘नेट’वर, म्हणजे हवेतल्या ठरलेल्या बैठकीत, एकमेकांना राम राम घालणारे भारतीय हॅम तिथेच भेटतात. गोव्याचा किस्सा याहून लांबलेला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत, सरहद्दीलगतच्या जंगलातून पोर्तुगीज आणि कोकणीत प्रक्षेपण चालवलं. छंदाच्या व्याख्येत हे बसत नाही. पण परवाना आणि माइक यांच्या भांडणाचा इतिहास या दोन प्रकरणांना वगळून लिहिता येत नाही.

कारण स्वातंत्र्य आलं तरी माइकचं कुलूप निघालं नाही. ऐकायलासुद्धा परवाना लागे. पोस्टात जाऊन रेडिओच्या पुस्तिकेवर वर्षाचा शिक्का मारून आणणं ज्यांना आठवतं त्यांना हे सांगायला नको. जपानमध्ये अगदी क्षीण ताकदीच्या प्रक्षेपणाला परवाना लागत नसे, त्याचा फायदा घेऊन तेत्सुओ कोगावा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या दशकात एका गल्लीपुरती एफएम केंद्रं चालवली. इकडे बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरमध्ये राघव महतो या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने पन्नास रुपयांच्या सामानात प्रक्षेपक जुळवला, शेजारच्या इस्पितळावर बांबू उभारून एरियल टांगली आणि आसपासच्या गावांना गाणी, निरोप, हरवलेल्या माणसांच्या बातम्या ऐकवल्या. २००६ च्या मार्चमध्ये ते केंद्र बंद पाडण्यात आलं. कायद्याने ते बरोबरच होतं. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलेलं असताना त्या गावाला दुसरी वाट मात्र कुणी दाखवली नाही. २००६ च्याच अखेरीस सामुदायिक रेडिओचं धोरण संस्थांना खुलं झालं. म्हसवडची माणदेशी तरंग, बारामतीची वसुंधरा वाहिनी ही त्या वाटेवरची आपल्याकडची केंद्रं. एकट्या माणसाला ती वाट अजूनही नाही, आणि केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही.

आज या सगळ्याचं काय, असा प्रश्न येतोच. हॅम मंडळी यावर आपत्तीचं उत्तर देतात. ते खोटं नाही. १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूजमध्ये हौशी केंद्रांनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा चमू दुर्मिळ ठिकाणाहून जगाशी बोलण्याच्या हौसेपोटी अंदमानात गेला होता, त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरमधला तोच सेट मदतकार्याची तार झाला. पण हे कारण फार ताणलं जातं, असं माझं मत आहे. रोजच्या रोज भूकंप होत नाहीत, आणि ज्याला फक्त आपत्तीची वाट बघायची असेल तो रात्री अकराला मोर्स शिकत बसत नाही. खरं कारण साधं आहे. खिशातला फोन आतून कसा चालतो हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नसतं. क्रिस्टल सेटचा प्रत्येक तुकडा बोटाने दाखवता येतो.

आणखी एक कारण घाईचं आहे. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह जानेवारी २०२० मध्ये थांबली. आकाशवाणीची मीडियम वेव्ह केंद्रं एकेक करून बंद होतायत. शहरात एलईडी दिवे, चार्जर आणि सोलर इन्व्हर्टर यांची खरखर इतकी वाढलीय की उरलेलंही नीट ऐकू येत नाही. पुन्हा एकदा मोठ्यांनी एक पट्टा टाकून दिला आहे. अर्थात रिकाम्या झालेल्या मीडियम वेव्हवर आता, पूर्वी मोठ्या केंद्रांच्या आवाजाखाली दबलेली, लहान आणि लांबची केंद्रं डोकं वर काढतात. डीएक्सरला हे दिवस वाईट नाहीत.

हे पुस्तक या साऱ्याचा ज्ञानकोश होऊ पाहत नाही. काही लेख सर्किटचे आहेत आणि ते हाताशी सोल्डर घेऊनच वाचावेत. काही आठवणींचे आहेत. काहींत लेखक एकमेकांना उघड विरोध करतात आणि संपादकांनी तो मिटवलेला नाही, हे बरं केलं. उपग्रहांचा भाग थोडा घाईत उरकला आहे. भारताने मे २००५ मध्ये हॅमसॅट सोडला, तो नऊ वर्षं चालला, त्यावर एक स्वतंत्र प्रकरण हवं होतं. बायकांचे अनुभवही आणखी यायला हवे होते. पण मराठीत बसून, मराठी घरातल्या अडचणींसह (गच्ची सोसायटीची, एरियल दिसली की सेक्रेटरी हजर) हा छंद कसा चालतो, हे इतक्या जवळून सांगणारं माझ्या वाचनात दुसरं नाही.

वाचकाने पुस्तक संपायची वाट बघू नये. घरात जुना मीडियम वेव्हचा सेट असेल तर रात्री दहानंतर गच्चीवर न्यावा, फोनचा चार्जर आणि जिन्यातले दिवे यांपासून लांब ठेवावा आणि आडवा धरून गोल फिरवावा. आतला फेराइटचा दांडा दिशा ओळखतो, एक केंद्र बुडतं आणि त्याच जागी दुसरं वर येतं. ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही, पण बोलायला लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्याला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देता येते. ती पास होऊन हातात व्हीयूने सुरू होणारं कॉलसाइन येईपर्यंत प्रक्षेपणाचं बटण दाबू नये.

आणि एक विनंती. तुमच्या घरात कुणा काकांच्या, आजोबांच्या माळ्यावर पडलेल्या लॉगच्या वह्या, क्यूएसएल कार्डं, परवान्याच्या पुस्तिका असतील तर त्या रद्दीत घालू नका. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि ऐकलेलं केंद्र, एवढ्या चार नोंदींवरून बंद पडलेल्या केंद्रांचा इतिहास लिहिता येतो. महाराष्ट्रात तो अजून कुणी लिहिलेला नाही. त्या वह्या स्कॅन करून या पुस्तकाच्या प्रकाशकांकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.